मीठ, साखर आणि तुझा हट्ट

आई, मी तुझ्यावर पुन्हा चिडलेय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी हे संपायला हवं होतं. पण परवा बदलापूरहून तुझ्या मुलाचा फोन आला. त्याच्या चार वर्षांच्या मुलीला जुलाब लागले होते आणि हा मला सांगतो, "ताई, टेन्शन नको घेऊस, पाणी पूर्ण बंद केलंय. आईने मला असंच बरं केलं होतं ना!" मी चिखलोलीच्या माझ्या स्वयंपाकघरात फोन धरून उभी. ज्या विषयात मी अर्धं आयुष्य घातलं, त्यातलं एक अक्षरही माझ्या घरात कोणी ऐकलेलं नाही, आणि याचं श्रेय सर्वस्वी तुझं.

कारण तो कसा बरा झाला ते मी पाहिलंय. कॅम्प तीन वस्तीतली आपली खोली, निम्मी जीन्सच्या गठ्ठ्यांनी भरलेली. तू दिवसभर पँटींचे धागे कापतेस. तो जेमतेम दोन वर्षांचा, ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले, आणि पाण्याचा पेला तू वरच्या फळीवर ठेवलेला. "वरून ओतलं की खालून जातं," हे तुझं शास्त्र. तू माल द्यायला कारखान्यात जातेस आणि शेजारची सिंधी काकी आत येते. त्याच्याकडे एकदा बघते, घरी जाऊन मीठ-साखरेचं पाणी करून आणते आणि त्याला मांडीवर घेऊन चमच्याने पाजत बसते. तू परतलीस तेव्हा तो तिच्या हातातला चमचा ओढत होता. केवढी भांडलीस! "माझं पोर मारायला निघालीस काय?" काकी शांतपणे म्हणाली, "मारना होता तो मैं भी पानी ऊपर रख देती." आणि पोरगं उठून बसल्यावर तू गल्लीभर सांगत सुटलीस, पाणी तोडलं म्हणून वाचला. मी "पण काकीने..." म्हटलं, तर पाठीत धपाटा.

एमएस्सीला गेल्यावर मला त्या पाण्याचं कारण कळलं. मी धावत घरी आले. तू भाकऱ्या थापत होतीस. मी सांगितलं, आतड्याच्या प्रत्येक पेशीभोवती पातळ पडदा असतो, त्यात प्रथिनांचे दरवाजे असतात. त्यातला एक दरवाजा साखर आणि मिठातलं सोडियम दोघं मिळून आली तरच त्यांना आत घेतो. ती आत गेली की पाणी मागोमाग जातं. जुलाबात बाकी सगळं बिघडलं तरी हा दरवाजा चालू राहतो. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. "पेशीला दरवाजे कोण बसवतं गं? आणि तू बघितलास का?" डोळ्यांनी नाही दिसत, मी म्हटलं, सोडियम आत शिरताना किंचित वीज वाहते, ती मोजतात. "म्हणजे दिसत नाहीच," तू म्हणालीस. विषय संपला. पुढे मी तीच वीज मोजायची नोकरी धरली. आजही रोज बघते. साखर सोडली की संगणकाच्या पडद्यावरची रेघ खाली झेपावते, सोडियम काढून घेतलं की सपाट होते. एकदाही चुकत नाही. तुला दाखवायला मात्र उशीर झाला.

कारण मी कामासाठी बंगळुरूला असताना तुला जुलाब लागले आणि तुझंच शास्त्र स्वतःवर चालवलंस. फोनवर म्हणायचीस, "पितेय गं, तुझं ते मीठ-साखर, दोन-दोन पेले." थेंब पीत नव्हतीस. दवाखान्यात नेलं तेव्हा मूत्रपिंडं बंद पडली होती. मी स्टेशनवरून थेट दवाखान्यात आले, तोवर तू गेली होतीस. मला रडूही धड आलं नाही, इतका राग आला होता.

परवा रिक्षा करून मी बदलापूर गाठलं. पोरगी निपचित पडलेली. औषधाच्या दुकानातून मीठ-साखरेची तयार पुडी आणली, एक लिटर पाण्यात घातली आणि चमचा हातात घेतला. भाऊ आडवा आला. मग मी सगळं सांगून टाकलं, काकी, फळी, चमचा, सगळं. तो पांढरा पडला. म्हणाला, "आई गेली, तरी तुझं तिच्याशी भांडण काही मिटत नाही." मी पाजत राहिले. तिने एकदा उलटी केली. थोडं थांबून मी पुन्हा सुरू केलं. बराच वेळ बघून वहिनीने दुसरा चमचा आणला आणि माझ्या शेजारी बसली. संध्याकाळी पोरगी आमच्यावर वैतागून भोकाड पसरून रडली आणि इतका वेळ कोरड्या असलेल्या तिच्या डोळ्यांतून गालांवर खरोखरचे ओघळ आले. भाऊ तिचं तोंड पुसता पुसता स्वतःच रडायला लागला.

हे पत्र कुठे टाकणार? टाकून तरी तू कुठे ऐकणार आहेस! पण एक सांगते, प्रयोगशाळेत कुणाला कळू देऊ नकोस. गेल्या महिन्यात माझंच पोट बिघडलं होतं. नवऱ्याने पुडीचं पाणी करून दिलं. एक घोट घेतला आणि उरलेलं, तो आत गेल्यावर, मोरीत ओतलं. काय भयंकर चव असते गं त्याची.