माशाअल्लाह आणि अल्लाची मर्जी

मस्कत, २० ऑगस्ट २००५

चि. अलिना हिस अब्बांचा सलाम व अनेक दुआ. वि. वि.

आमच्या खोलीत गव्हाणचा बळीराम आहे, तो देव मानत नाही. परवा त्याला मगरिबच्या वेळी, सूर्य बुडताना, समुद्रावर नेलं. डोंगर लालभडक, पाणी नुसतं चमकत होतं. म्हटलं, आता सांग, हे कोणी केलं? बेटी, जे जे सुंदर ते अल्लाची साक्ष देतं. याहून मोठा पुरावा नाही.

११ सप्टेंबरला रविवारी उरणहून फुजैलची आई तुला बघायला येतेय. मुलगा दुबईत नोकरीला आहे. हिरवा ड्रेस घाल. हसताना तोंड जरा मिटून हस, नाहीतर तुझ्याआधी तुझे दातच सलाम करतात! आणि रुमानाला त्या दिवशी गव्हाणला हव्वाबी फुफीकडे पाठव. धाकटी समोर आली की मागच्यासारखा घोळ होतो.

तब्येतीला जप. दुआ आहेच.
तुझे अब्बा

पनवेल, १४ सप्टेंबर

अब्बाजान यांना अलिनाचा सलाम. वि. वि.

रुमानाला मी पाठवलं नाही, मुद्दामच. लग्नानंतर काय तिला कपाटात ठेवणार होतो? ती सरबत घेऊन आली आणि फुजैलच्या आईच्या तोंडून माशाअल्लाह निघून गेलं. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हळूच म्हणाल्या, अल्लाची मर्जी. नाव दोन्ही वेळा त्याचंच.

मला फार लागलं, अब्बा. न्हाणीत जाऊन रडले. आता बळीरामकाकांसमोर मलाही उभी करा आणि विचारा, हे कोणी केलं? सुंदर ते त्याची साक्ष, तर मी कशाची? सरळ उत्तर द्या. सब्र सांगू नका.

माया असू द्यावी.
अलिना

मस्कत, ३० सप्टेंबर

चि. अलिना हिस सलाम व दुआ. वि. वि.

असे प्रश्न विचारू नयेत, गुनाह लागतो. सुंदर चेहरा ही अल्लाची साक्ष आणि साधा चेहरा ही बंद्याची परीक्षा. पास हो म्हणजे झालं.

उरणहून फोन आला. त्यांनी रुमानाला मागणी घातली. मी होकार दिला, चांगलं स्थळ कोण सोडतं? डिसेंबरात निकाह. मी येतोच आहे. तू समजूतदार आहेस म्हणून लिहितो, त्या दिवशी गव्हाणला फुफीकडे राहा. थोरली तशीच राहिलेली पाहुण्यांना दिसली की चर्चा होते. मनाला लावून घेऊ नकोस. रमजान मुबारक.

तुझे अब्बा

पनवेल, १२ ऑक्टोबर

अब्बाजान यांना सलाम. वि. वि.

रोजे चालू आहेत, म्हणून त्या दिवशी लपवलेलं लिहून टाकते. फुजैलची आई निघताना कपाटावरच्या तुमच्या फोटोपाशी थांबली. एकदा फोटो बघितला, एकदा मला. मग बरोबर आलेल्या तिच्या बहिणीला म्हणाली, धाकटी आईवर गेलीय, ही मात्र हुबेहूब बाप. तेच कपाळ, तेच दात. दोघी हसल्या. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी कळवलं नव्हतं.

तुमचं म्हणणं मान्य आहे. निकाहच्या दिवशी मी पाहुण्यांना दिसणार नाही. फुफीला निरोप धाडलाय, खाटा दोन घालून ठेव, अब्बाही येतील.

अलिना