ओंजळीतलं निवळ पाणी

शेवगाव, रविवार संध्याकाळ

वही, माफ कर. पंधरा दिवस लिहायला हात धजला नाही.

माझ्या पोराचं, विलासचं, गाड्या धुण्याचं सेंटर माझ्यामुळे बंद पडलं. गाड्या धुतल्याचं पाणी खड्ड्यात निवळलं की फक्त झाडांना घालायचं, असं त्यानं बजावलं होतं. टँकर आला नाही म्हणून मी तेच मोटरनं टाकीत चढवलं. आधी ओंजळीत घेऊन पाहिलं होतं, अगदी निवळ. पण खालची रेती आली आणि एका नव्या गाडीवर ओरखडे उठले.

गाडीचा मालक म्हणाला, "बाबा, गाडी धुताय का कढई घासताय?"

विलास म्हणाला, "आबा, पानी वाचवलं, गिऱ्हाइकं घालवली. बसा आता तेच पानी राखत!"

मी फडकं घेऊन ओरखडे पुसत बसलो.

गावभर बोभाटा झाला, गाड्या यायच्या थांबल्या. विलास शटर ओढून पुण्याला गेला. फोन उचलत नाही.

आज टँकर आला, टाकी भरली. धुणाराच नाही. खड्ड्यातल्या पाण्याची पुन्हा ओंजळ भरून पाहिली. निवळच दिसलं, पण बोटांना रेती लागली. मला रेती दिसतच नाही आता. नजर अधू झालीय, हे त्याला कधी सांगितलंच नाही. लाज वाटली.

विलास, शिव्या दे, पण लवकर फोन कर रे.