शांघायच्या विमानतळावर तुमचा मुलगा

आत्या, तुमचा मुलगा परदेशात हरवला होता, हे तुम्हाला सांगायचं राहून गेलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण सुनेनं हे दुसऱ्या कुणाला सांगावं ते मला खरंच कळत नाही.

यांना विसरायचा आजार जडलाय. सोलापुरात सात रस्त्याच्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आता हे वाढतच जाणार. यांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, फळ्यावर न बघता चीनचा नकाशा काढायचे, आणि स्वतः हैदराबादच्या पुढे कधी गेले नाहीत. म्हणून चीनच्या सहलीचा हट्ट मीच धरला. तुमचा नातू पुण्याहून फोनवर ओरडला, "आई, बाबांना घराबाहेर काढू नकोस आता!" मी म्हटलं, आत्ता नाही तर मग कधी? सहलीच्या मॅनेजरला आजाराचं सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "काकू, आम्ही आहोत की." विमानात उजाडल्यावर हे खिडकीशी बसून खालच्या नद्या मला नावानिशी सांगत होते. मला वाटलं, डॉक्टरच चुकले असतील.

शांघायला सामान घेऊन बाहेरच्या मोठ्या हॉलमध्ये आलो. आम्हा सगळ्यांच्या डोक्यावर सहलीच्या पिवळ्या टोप्या. हे म्हणाले, जरा जाऊन येतो. मी दोन्ही बॅगा धरून पुरुषांच्या बाथरूमच्या दाराशी उभी राहिले. माणसं आत जातायत, बाहेर येतायत, हे काही येत नाहीत. शेवटी आमच्यातल्या मोडनिंबच्या एका बागायतदारांना आत पाठवलं. ते बाहेर आले ते उतरलेल्या तोंडानंच. "वैनी, आत कुणीच न्हाय. तिकडनं आजून एक दार हाय की."

आत्या, बॅगा तिथंच टाकून मी पळत सुटले. "अहो, अहो" करत ओरडतेय, पण त्या परक्या गर्दीत 'अहो' म्हणजे कोण, हे कुणाला कळणार? मग आयुष्यात पहिल्यांदा यांचं नाव घेऊन ओरडले. फोन लागत नव्हता. आमच्यातलीच एक बाई मागे पुटपुटली, "असल्या माणसाला आणायचंच कशाला?" मॅनेजर म्हणाला, "काकू, बाकीच्यांना पुढं पाठवावं लागेल, बस थांबत नाही." मी तिथंच फरशीवर बसले. हे सापडले नाहीत तर परत जायचं नाही, एवढं एकच डोक्यात होतं. सोलापूरच्या घरात एकटी शिरून मी काय करणार होते?

एक पोलीस मुलगी वाकून तिचा फोन माझ्या तोंडाशी धरून राहिली. मी हिंदीत बोलले, फोन तिच्या भाषेत बोलला. मग फोननंच हिंदीत विचारलं, अंगावर काय होतं? मी म्हटलं, पिवळी टोपी. तिनं मला दंडाला धरून उठवलं आणि हॉलच्या पार टोकाला नेलं. तिथं चिनी म्हाताऱ्या माणसांची एक सहल बसली होती, त्यांच्याही टोप्या पिवळ्याच. त्यांच्यामध्ये हे. शेजारची सुरकुतलेली बाई संत्रं सोलून यांच्या हातावर एकेक फोड ठेवतेय आणि हे लहान मुलासारखे खातायत. मी समोर जाऊन उभी राहिले. रडूच आवरेना. यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि त्या बाईला विचारलं, "आये, ही बाई कोण गं? सारकी रडतीया."

इतक्या वर्षांची शहरी भाषा गळून पडली होती आणि तिच्याबरोबर मीही. नव्या लग्नातला तुमचा चुलीपुढचा तो शनिवार मला आठवला. हे शाळेतून आले की अंगणातूनच "आये" अशी हाक द्यायचे, आणि भाकरी थापताना माझा हात जड व्हायचा. तुम्ही खेकसलात, "तोंड कशाला पाडतीस? मी हाय तवर मला हाक मारंल. मग हायस की तूच." असं कुठं झालं, आत्या?

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "आये म्हणतीया, हिच्यासंगं जा." यांनी त्या बाईकडे पाहिलं. तिला काय कळलं कोण जाणे, तिनं मान हलवली आणि यांचा हात उचलून माझ्या हातात दिला. हे मुकाट्यानं उठले.

पुढची सहल झाली, फोटोही आहेत. मुलाला मी सांगितलं, मला बघून बाबा रडले. आता घरात अंघोळ असो, औषध असो, हे माझं ऐकत नाहीत. मग मी तुमचं नाव घेते. तुम्हाला न विचारता रोज घेते. काल गोळी हातात धरून हे म्हणाले, "आये कुटं हाय? तिला सांगू दे." मी स्वयंपाकघरात गेले आणि आतून तुमच्या आवाजात म्हटलं, "घे की रं." यांनी लगेच गोळी घेतली.

आवाज हुबेहूब जमला. पण नंतर कितीतरी वेळ मी ओट्याशीच उभी राहिले. बाहेर यायची हिंमत होईना.