बादलीचं नाव घेतो

२ मार्च

आजपासून मी बादली.

सकाळी चहा घेऊन गेले, तर हे माझ्याकडे बघून अगदी प्रेमाने म्हणाले, "बादली." नोव्हेंबरातल्या स्ट्रोकनंतरचा पहिला धड शब्द! इतके दिवस नुसतं आं-ऊं. मी एवढी हसले की चहा बशीत सांडला. मग हेही हसायला लागले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं असे एकत्र हसल्याचं मला आठवत नाही.

५ मार्च

चमचा बादली. टीव्ही बादली. मी तर बादलीच. खरी बादली समोर धरून विचारलं, "हे काय?" खूप विचार केला — "चमचा."

१० मार्च

कौन्सिलला फोन केला, गाडीच्या ब्लू बॅजसाठी, म्हणजे अपंगांच्या पार्किंगच्या परवान्यासाठी. मी! जिला डॉक्टरांच्या रिसेप्शनचा नंबरसुद्धा हे लावून द्यायचे. पलीकडची बाई म्हणाली, "कॅन यू कॉल बॅक, लव्ह?" म्हटलं, "नो, लव्ह. आय विल होल्ड." त्यांच्या होल्डच्या संगीतावर कणीक मळून झाली, भांडी झाली. बॅज मिळणार आहे. फोन ठेवल्यावर मला माझाच आवाज आवडला.

आणि हे! इथे ब्रिस्टलमध्ये विमानाच्या पंखांची डिझाइन्स करण्यात जन्म गेला. घरातलं चित्र भिंतीवर जरा तिरकं असलं तरी जेवण गोड लागायचं नाही. आता दहातले नऊ शब्द तिरके निघतात आणि हे स्वतःच हसतात. वाईट दिवसांनी माणूस कडवट होतो म्हणे. आमच्याकडे उलटंच झालं, हे लोणच्यासारखे मुरले.

रडते मी. बाथरूममध्ये, नळ सोडून. पण रोज नाही. एकच हवंय — ह्यांनी मला नावाने हाक मारावी. एकदाच. मग जन्मभर बादली म्हटलं तरी चालेल.

१६ मार्च

तनू लंडनहून आली. लेक इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठीतले तो-ती-ते तिला कधी जमले नाहीत आणि ह्यांनी ते सुधारणं कधी सोडलं नाही. लहानपणी त्यावरून रडून दार आपटायची.

आज जेवताना म्हणाली, "आई, माझा वरण थंड झाली."

टेबलाच्या टोकाकडून आवाज आला — "माझं. झालं."

स्पष्ट! वर वैतागून! तनूचा घास तोंडातच राहिला. मग तिने सपाटाच लावला. "बाबा, भात संपली." — "संपला." "पोळी जळला." — "जळली!" शेवटी हे दमले, पण ती काही थांबेना. जाताना गाडीत बसून माझ्याकडे बघत म्हणाली, "आई, बाबा बोलली." मी सुधारलं नाही.

(पोळी खरंच जळली होती.)

२१ मार्च

स्पीच थेरपिस्ट फिओना आली. म्हणाली, पाठ असलेलं गाणं किंवा कविता कधी कधी आपोआप बाहेर येते, विचार करून बोलायला लागतं तसं तिथे लागत नाही. असं काही आहे का ह्यांच्याकडे?

कविता? ह्यांच्याकडे? मग आठवलं — उखाणा! लग्नात सगळ्यांनी नाव घ्यायचा आग्रह धरला, तेव्हा भुकेने कावलेल्या नवरदेवाने उभ्या उभ्या जुळवलेला:

विमानाला पंख दोन, पंखांना लागतो वारा,
नीनाचं नाव घेतो, आता पानं वाढा भराभरा!

पुढे प्रत्येक पंगतीत ह्यांनी तोच घेतला. फिओनाला समजावलं, आमच्यात जोडीदाराचं नाव यमकात गुंफून घेतात. तिला फार आवडलं. तिने विचारलं, "सो ही ऑल्वेज कॉल्ड यू नीना?" हो म्हटलं. आणखी काय सांगणार — लग्नात ताटातल्या तांदळावर ह्यांनी बोटाने 'नीना' लिहिलं. सासूबाईंनी निवडलेलं नाव, त्यांना माझं माहेरचं यमुना जुनाट वाटायचं. मला कुणी विचारलं नाही, मीही काही बोलले नाही. तेव्हा मी कुठे काय बोलायचे! आई गेल्यापासून यमुना म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

२२ मार्च

मी पहिली ओळ सुरू केली. "विमानाला पंख दोन —"

"पंखांना लागतो वारा!" खणखणीत! आणि न थांबता — "बादलीचं नाव घेतो, आता पानं वाढा भराभरा!"

हसून हसून दोघांच्या डोळ्यांत पाणी. पानं वाढली.

३० मार्च

रोज सराव. रोज बादली. पण आज बादली म्हणून झाल्यावर ह्यांनी मान हलवली. चुकलं, हे कळतंय. तोंडातल्या तोंडात काहीतरी शोधत होते. मी 'नी' म्हणून सुरुवात करून दिली, तर हाताने गप्प केलं.

९ एप्रिल, पाडवा

श्रीखंड वाढत होते. मागून ह्यांनी आपणहून सुरू केलं, "विमानाला पंख दोन, पंखांना लागतो वारा..." थांबले. म्हटलं, आली बादली.

"यमुनेचं नाव घेतो."

मी वळले. "नीना म्हणायचंय ना तुम्हाला?"

"नाही."

पाठ असलेल्या उखाण्यात तर नीनाच होती. यमुना ह्यांनी शोधून आणली.

मग नुसतीच हाक मारली, "यमुना."

मी ओ दिली.