चौतीस देश आणि कोल्हापूर

८ सप्टेंबर, सोमवार. कारखान्याला सुट्टी.
आजपासून कामाला लागलो. कामगाराचा एक तास मालकाला केवढ्याला पडतो, याचा चौतीस देशांचा तक्ता मी प्रसिद्ध करणार. पस्तिसावी ओळ कोल्हापूरची. मोठमोठ्या संस्था हे आकडे काढतात, पण त्यांत कोल्हापूर कुठेच नाही. लाज वाटली पाहिजे. त्यांना.
कागल एमआयडीसीत व्हॉल्व्हच्या बॉड्यांचं मशिनिंग करणाऱ्या कारखान्यात मी हजेरी, पगार आणि पीएफ बघतो. म्हणजे कच्चा माल माझ्याच हातात. एका कारखान्यावरून अख्खं कोल्हापूर कसं ठरवायचं, अशी शंका मनात आली होती. जेवल्यावर गेली.
दानेश्वरीला योजना सांगितली. ती ब्लाऊज शिवत होती. ह्यानं तुमचा पगार वाढणार हाय काय, एवढंच तिनं विचारलं. बायकोकडे व्यापक दृष्टी नाही.

११ सप्टेंबर
नियम ठरवले. पहिला: दहापेक्षा कमी माणसं असलेलं युनिट धरायचं नाही. युरोपात हीच पद्धत. मालक राजवर्धन साहेब सोडून आम्ही बरोबर दहा. काठावर पास. दुसरा: खर्चात पगार, बोनस, पीएफ, दिवाळीची मिठाई, सगळं आलं. तिसरा: त्याला भागायचं ते पगार दिलेल्या तासांनी नाही, प्रत्यक्ष काम झालेल्या तासांनी. तिसऱ्या नियमाचा मला विशेष अभिमान आहे.

१६ सप्टेंबर
प्रत्यक्ष कामाचे तास मोजतोय. चहा वजा. तंबाखू वजा. लाईट गेली, वजा. कोडोलीच्या एकाची म्हैस व्याली म्हणून तो खरवस घेऊन आला, तो वेळही वजा. आमचा फोरमन पिराजी म्हणाला, पावणं, तुम्ही सकाळधरनं आकडं मांडतासा, ते कशात धरलंय? मी त्याला अप्रत्यक्ष श्रम ही संकल्पना समजावून सांगितली. म्हंजी काम न्हाय ते, असं तो म्हणाला. हळूहळू समजेल.

२० सप्टेंबर
युरोपातल्या एका मोठ्या आकडेवारी ऑफिसला ईमेल पाठवला. लगेच उत्तर! आपला संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे म्हणे. खाली लिहिलं होतं, कृपया या ईमेलला उत्तर देऊ नये. कामात असतील. नाही दिलं.

२४ सप्टेंबर
नमुना म्हणून दानेश्वरीच्या शिवणकामाचा ताशी आकडा काढून दाखवला. बघून ती म्हणाली, आता सैपाकाचा काढा. म्हटलं, घरकाम आमच्या व्याख्येत बसत नाही, आणि तू एका माणसाचं युनिट, तुला धरताच येत नाही. जेवायला भाकरी आणि कांदा. व्याख्या थोडी सैल करावी काय, असा विचार चालू आहे.

२७ सप्टेंबर
मोठी बातमी. आमचं जर्मनीचं गिऱ्हाईक ऑर्डर व्हिएतनामला न्यायच्या बेतात आहे. त्यांनी आमचा ताशी श्रमखर्च मागितलाय. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून मला खुर्ची दिली. म्हणाले, बसवेशराव, तुमच्या त्या तक्त्याचा आता उपयोग होऊ दे, आपला तास स्वस्त दिसला पाहिजे.
दिसायला पाहिजे हे त्यांचं मत. आकडा तो आकडा. संध्याकाळी तिन्ही नियम लावून तक्ता थेट जर्मनीला पाठवला, एक प्रत साहेबांना. खाली तळटीप टाकली: दहापैकी एक व्यक्ती मशीनवर नसून आकडेवारीचं काम पाहते. मोह आवरला नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
मशिनं धुऊन पुसून झेंडूच्या माळा घातल्या. पूजेत पिराजीनं त्याचा मापं घ्यायचा व्हर्नियर ठेवला, कुणी पाना, कुणी हातोडी. मी लॅपटॉप ठेवला. हळदकुंकू वाहिलं. सगळे हसले. हसोत. ज्याचं त्याचं हत्यार.
तेवढ्यात साहेबांचा फोन. जर्मन गिऱ्हाइकाशी मीटिंग म्हणून ते पुण्याला गेले होते. तापले होते. आपला तास व्हिएतनामपेक्षा महाग कसा, असं विचारत होते. मी तिसरा नियम सांगायला घेतला. ते म्हणाले, नियम घाला चुलीत, पगार दिलेल्या तासांनी भागा आणि दुपारच्या मीटिंगच्या आत नवा तक्ता पाठवा. म्हटलं, साहेब, लॅपटॉप पूजेत बसलाय. हत्यार एकदा पूजेला ठेवलं की दसरा उजाडेपर्यंत हलवत नाहीत.
वाटलं, पिराजी तरी माझ्या बाजूनं बोलेल. तर तोच म्हणाला, उचला की ओ, देवाला कळतंय, ऑर्डर गेली तर फुडच्या साली पूजा कशाची करायची? मी नाही उचलला. तत्त्व म्हणून काही असतं. शिवाय पहिला आकडा बरोबरच होता.

२ ऑक्टोबर, दसरा
साहेबांच्या बंगल्यावर सोनं द्यायला गेलो. त्यांनी पानं घेतली, माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, काल त्या लोकांनी तुमच्याबद्दल विचारलं. दहातला तो एक माणूस नेमकं करतो काय, असं.
जर्मनीत माझी चौकशी! येताना जिलेबी घेतली. दानेश्वरीनं तोंडाला लावली नाही. अहो, ते तुमची नोकरी मोजाय लागल्यात, असं म्हणाली. तिला आंतरराष्ट्रीय व्यवहाराची भाषा समजत नाही. झोप मात्र नीट लागली नाही. जिलेबी जास्त झाली असेल.

१७ ऑक्टोबर
ऑर्डर निम्मी राहिली. साहेबांनी बोलावलं. यापुढे हजेरी मोबाईलला चेहरा दाखवून, आणि पगार जयसिंगपूरची एक एजन्सी करणार. दिवाळीनंतर मी यायची गरज नाही. मशीनवरचा माणूस काढवत न्हाय ओ, बसवेशराव, असं म्हणाले.
खूप काही बोलायचं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, की एजन्सीला तिसरा नियम मी समजावून देतो. ते नको म्हणाले.
बसमध्ये रडू आलं. खिडकीकडे तोंड करून बसलो.

२९ ऑक्टोबर
आता वेळच वेळ आहे. तक्ता पुरा करायला घेतला. शेवटची तपासणी, पहिल्या नियमापासून. कारखान्यातली माणसं मोजली. पिराजी धरून नऊ. परत मोजली. नऊच.
कोल्हापूरची ओळ खोडली. नियम माझाच आहे.

३ नोव्हेंबर, सोमवार
चौतीस देशांचा तक्ता आज प्रसिद्ध केला. पिराजीच्या व्हॉट्सॲपवर. त्यानं अंगठा पाठवला. मागोमाग विचारलं, ह्यात आपलं कोल्हापूर कुठं हाय? उत्तर लिहिलं. पुसलं.
दुपारी दानेश्वरीनं ब्लाऊजांचा ढीग आणि हुकांची डबी पुढ्यात आणून ठेवली. टाका बारीक घाला, एवढंच बोलली. दिवे लागेपर्यंत हुक लावत बसलो. दोनदा सुई टोचली. तिच्या युनिटात आता दोन माणसं आहेत. अजून आठ आली की धरता येईल.
माझा ताशी दर किती, हे तिला विचारायचा धीर झाला नाही.