पहिला नकार

३ मार्च
नात हॉस्टेलवरून आली होती. सिनेमा शिकते. जेवताना तिनं मला हीरो समजावला. म्हणे, सगळ्या सिनेमांत तो एकच असतो. घरी सुखात असतो, बोलावणं येतं, आधी नाही म्हणतो, मग गुरू भेटतो, काहीतरी वस्तू देतो, हा उंबरठा ओलांडतो, मार खातो, शहाणा होऊन परततो. आणि बाई? दारात उभी राहून डोळे पुसते. माझं डोकंच फिरलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काय मी डोळे पुसत होते? चांगलं सुनावलं.

७ मार्च
नातीचा फोन. माझा राग ऐकून तिनं आपल्या कॉलेजच्या सिनेमासाठी म्हातारी हीरो लिहिली. म्हणाली, "आजी, तूच कर ना." ठणकावून नाही म्हटलं. हीरो आधी नाही म्हणतोच. शिवाय कॉन्व्हेंटच्या सिस्टर सांगायच्या, पहिल्यांदा विचारल्यावर लगेच हो म्हणणं शोभत नाही. दुसऱ्या फोनला होकार. तोवर पाठ ताठ ठेवायची.

१० मार्च
फोन नाही. रिसीव्हर उचलून पाहिला. लाइन चालू आहे, माणसंच बंद पडली आहेत.

११ मार्च
सुनेला विचारलं, तुझी लेक काही बोलली का? तर म्हणे, आई, तुम्हीच नाही म्हणालात ना? मी म्हटलं, माझ्या नाहीला अर्थ असतो. म्हणाली, हो, 'नाही' असा. हिला शाळेत कुणी शिकवलं, देव जाणे.

१४ मार्च
तळमजल्यावरची रिटायर्ड नर्स जिन्यात भेटली. नायिका ती! विचारल्याबरोबर हो म्हणाली, वर "कधी येऊ?" हा काय हीरो? हिला उंबरठा ओलांडायला दोन माणसं लागतात. शिकवतात तरी काय त्या पोरांना?

१६ मार्च, सकाळ
फोन! पहिल्या घंटीला उचलायचा नाही असं ठरवलं होतं. उचलला. नात म्हणाली, आजी, एक विचारायचं होतं. तिचं पुरं व्हायच्या आत हो म्हणून बसले.
माझी वेताची खुर्ची हवी होती. नर्सबाईंना बसायला.

संध्याकाळ
खुर्ची गेली. उभ्यानं लिहिते आहे. पण हीरोला वस्तू देतो कोण? गुरू! म्हणजे खरी भूमिका माझीच. नातीला कळवलं. तर म्हणे, गुरू मध्यंतराआधी मरतो. तेवढं सुख मी कुणाला देणार नाही.
मघाशी सून म्हणाली, आई, पलंगावर तरी बसा. नाही म्हटलं.
अजून दुसऱ्यांदा विचारलेलं नाही.