दोन घरचं एक ताट

मी, बिरू लक्ष्मण शिंगाडे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शेती व शेळ्या, राहणार मौजे चिंचवाडी, तालुका जाफराबाद, जिल्हा जालना, माझ्या माघारी काय करायचे ते या कागदावर लिहून ठेवतो. माझे डोके जाग्यावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी चहा पाजून सही घेतलेली नाही. छातीचे दुखणे आहे. जालन्याच्या डॉक्टरांनी मुलांना बाहेर बोलावून काय सांगितले, ते मी मुलांच्या तोंडावरूनच ओळखले. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

वकीलसाहेबांनी टाईप करून दिलेला मसुदा मी वाचला. गट नंबर, चतुःसीमा सगळे बरोबर होते, पण रात्रीच्या जेवणाचा त्यात एक शब्द नव्हता. साहेब म्हणाले, "बाबा, मृत्युपत्रात मिळकत लिहितेत, सैपाक न्हाई." मला तर मुख्य स्वयंपाकाचेच लिहायचे आहे. म्हणून हे माझ्या हाताने लिहीत आहे. सातवी शिकलो आहे, चूकभूल समजून घ्यावी.

कलम १. माझे कुटुंब असे: पत्नी आसराबाई. थोरला मुलगा आदिनाथ, त्याची पत्नी सुरेखा. धाकटा मल्हारी, त्याची पत्नी शीतल. दोघे भाऊ एकाच घरात मध्ये भिंत घालून राहतात. दारे दोन आहेत, अंगण एक.

सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली. शेत, बैल, पत्रे, पाण्याची टाकी, सगळे निम्मेनिम्मे झाले. वाटणी करायला मुलांचे मामा, म्हणजे माझे मेहुणे सर्जेराव, बसले होते. सगळे वाटून शेवटी आम्ही दोघे उरलो. सर्जेराव म्हणाले, "दोन पोरं, दोन म्हातारे. दाजी आदिनाथकडं जेवतील, अक्का मल्हारीकडं. हिशोब बराबर." सगळ्यांना ते पटले. आसराबाई आत चहा करत होती, तिला कोणी विचारले नाही. मलाही विचारले नाही, पण मी तिथेच बसलो होतो, म्हणून विचारल्यातच जमा धरले.

तेव्हापासून माझे अंथरूण आदिनाथच्या ओसरीवर आणि तिचे मल्हारीच्या आतल्या खोलीत. मुलांबद्दल तक्रार नाही, हे मी मुद्दाम लिहितो. सुना वेळेवर वाढतात, कोणी टाकून बोलत नाही. दोघांपैकी कोणीही आम्हा दोघांना सुखाने सांभाळले असते. पण मग दुसरा मोकळा सुटला असता, आणि तेवढे मात्र दोघांनाही सोसत नव्हते. गावात अशी वाटणी घरोघरी आहे, त्यामुळे वाईट वाटल्याचे सांगायलाही जागा नाही. मला वाईट वाटले. आयुष्यभर जिच्यासमोर बसून जेवलो, तिच्या भांड्यांचा आवाज भिंतीपलीकडून ऐकत जेवायचे, याने घास फिरतो.

कलम २. घरामागचा शेळ्यांचा गोठा माझ्या एकट्याच्या नावावर आहे. तो वाटणीत आला नाही, कारण तो कोणाला नको होता. त्या गोठ्यात आम्ही काय करत होतो ते आता लपवण्यात अर्थ नाही.

मी सुरेखाला म्हणायचो, "ताट झाकून दे, शेळ्यांकडं बसून खातो." आसराबाई तिच्या वाट्याची भाजी वाटीत घेऊन पदराखाली आणायची. गोठ्यात तीन विटांची चूल होती, एक लहान कढई होती. सकाळी नळावर पाणी भरताना ती हळूच सांगायची, "शीतल शेपू करून राह्यली." मग मी दिवसभर विचार करायचो की शेपूला जोड काय. कधी बांधावरची चिवळीची भाजी खुडून न्यायचो, कधी तुरीच्या ओल्या शेंगा. आदिनाथला पित्त, म्हणून त्याच्या घरचे सगळे अळणी. मल्हारीला ठेच्याशिवाय चालत नाही, म्हणून तिकडची भाजी जाळ. दोन्ही एका कढईत घालून आसराबाई वरून लसणाची फोडणी द्यायची, की आमच्या तोंडची चव बरोबर लागायची. कधी दोन्हीकडे पिठलेच असायचे. त्या दिवशी ती शिळी भाकरी कुस्करून शेंगदाण्याचा कूट घालायची आणि म्हणायची, "घ्या, आज पाहुण्याचा सैपाक." आम्ही एका ताटात जेवायचो. उद्याचे काय, ते हात धुताना ठरायचे.

जाफराबादचे किराणा दुकानदार अमृतलालशेठ एकदा म्हणाले, "बिरूभाऊ, दोन्ही पोरं किराणा नेतेत, मंग ही तेलाची बाटली कुणासाठी?" मी सांगितले, शेळ्यांच्या शिंगांना लावायला. त्यांनी ओळखले असावे. त्यानंतर बाटलीसोबत जिऱ्याची पुडी येऊ लागली, तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

गेल्या पोळ्यानंतर शीतलने धूर पाहिला. ती दारात उभी राहिली आणि रडायलाच लागली. "आत्याबाई, मी काय उपाशी ठिवते का तुम्हाला? लोक काय म्हणतील?" तिचे रडणे खरे होते. सुरेखाने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले. आदिनाथ म्हणाला, "आबा, चोरून खायची पाळी आली का तुमच्यावर?" मी म्हणालो, "चोरून खात न्हाई बाबा, चोरून बसतो." त्याला ते कळले नाही. मल्हारीने विटा उचलून नेल्या, शेळ्या अंगणात बांधल्या आणि गोठ्याला कुलूप लावले. त्यात राग कमी होता, लाज जास्त होती. पण कुलूप ते कुलूपच. त्या दिवसापासून आम्ही एकत्र जेवलेलो नाही.

आता माझे दुखणे निघाले. सर्जेराव भेटायला आले होते. मी झोपलो आहे असे समजून मुलांना म्हणाले, "दाजीचं काही खरं न्हाई. पुढं एकटी अक्का ऱ्हाईल, मंग महिना हिकडं, महिना तिकडं. हिशोब बराबर." मुलांनी माना डोलावल्या. म्हणजे मी गेल्यावर माझी बायको गाठोडे घेऊन दर महिन्याला भिंत ओलांडणार, आणि तिच्या ताटात काय पडणार हे महिना बघून ठरणार. हे होऊ नये म्हणून हे मृत्युपत्र आहे. बाकी मिळकत फार नाही.

कलम ३. गोठा, त्यापुढची मोकळी जागा आणि वाटणीत माझ्या नावावर ठेवलेली विहिरीकडची एक एकर जमीन, हे सर्व माझ्या मृत्यूनंतर आसराबाईच्या पूर्ण मालकीचे होईल. गोठ्याला धुराडे काढून तिथे चूल मांडावी. एकरातले धान्य आधी तिच्या कणगीत पडेल. तिच्या जेवणाची पाळी कोणी लावू नये, लावली तर ती माझ्या इच्छेविरुद्ध समजावी. संध्याकाळी काय शिजवायचे ते ती ठरवील. काही शिजवू नये असे वाटले तरी तेही तीच ठरवील.

कलम ४. शेळ्या तिच्याच. पीठ मळायची काटवट सुरेखाला द्यावी, तिच्या हातची भाकरी दात नसलेल्या माणसालाही चावता येते. पाटा-वरवंटा शीतलला. तिने त्या दिवशीचे मनाला लावून घेऊ नये, माझ्या मनात काही नाही. घोंगडी एकच आहे. ती कापू नये. थंडी ज्याला जास्त वाजेल त्याने घ्यावी.

कलम ५. माझा जुना तराजू मेहुणे सर्जेराव यांना द्यावा. पारडी बरोबर आहेत, मी तपासली आहेत.

एवढे लिहून काल दुपारी मी हा कागद आसराबाईला वाचून दाखवला. ती अंगणात गवार निवडत होती. मला वाटले होते तिला बरे वाटेल. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "चूल कुणासाठी लिहून ठिवली?"

"तुझ्यासाठी."

"एकटीसाठी कोण पेटवतं. तुमच्या माघारी मला महिना हिकडं काय अन् तिकडं काय. कुठं बी दोन घास खाईन." मग एक शेंग मोडून म्हणाली, "तुम्ही हायेत तवर कुलूप, अन् गेल्यावर चूल. असं कसं लिहिलं तुम्ही?"

माझ्या डोळ्यांना पाणी आले, ते तिने पाहिले आणि पाटी घेऊन आत गेली. ज्या दाराने ती आत गेली ते मल्हारीचे होते, म्हणून मला मागे जाता आले नाही.

आज सकाळी जाफराबादेत वकीलसाहेबांना मी आणखी एक कलम सांगितले. ते म्हणाले, "बाबा, हे मृत्युपत्रात बसत न्हाई. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं." मी म्हणालो, गेल्यावर त्याचा उपयोग नाही. म्हणून तेही माझ्याच हाताने लिहितो.

कलम ६. हे एक कलम मी जिवंत असताना, आजच्या संध्याकाळपासून लागू होईल. आदिनाथच्या घरून माझे ताट येऊ नये आणि मल्हारीच्या घरून आसराबाईचे. गोठ्याची किल्ली मल्हारीने आईच्या हातात द्यावी, नाही दिली तर कुलूप मी फोडीन. माझे अंथरूण तिथेच न्यावे. किती संध्याकाळी मिळतील ते डॉक्टरांना ठाऊक, मी विचारलेले नाही. तेवढ्या आम्ही समोरासमोर बसून जेवू, आणि गावाला दिसेल असे दार उघडे ठेवून. मुलांना, सुनांना यावेसे वाटले तर आपापली भाजी घेऊन यावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, कोणाच्याही सांगण्याशिवाय लिहिला आहे आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर सही व अंगठा केला.

स्थळ: जाफराबाद
दिनांक: १७ डिसेंबर २०२४

लिहून ठेवणार: बिरू लक्ष्मण शिंगाडे (सही)

साक्षीदार:
१. अमृतलाल मोतीलाल संचेती, किराणा दुकान, जाफराबाद (सही)
२. चांगुणाबाई, शेजारीण, मौजे चिंचवाडी (डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार क्रमांक दोन यांनी अंगठा देण्याआधी कलम सहा दोनदा वाचून दाखवायला लावले, आणि आपले ताट रोज सुनेकडे असते, लेकाचे वडील, म्हणजे त्यांचे मालक, लेकीकडे जेवतात, एवढे येथे लिहावे असे सांगितले, म्हणून लिहिले.